फ्राइज नकोत, बीन्स मागा: आईबाबांना घेऊन अमेरिकेत गाडीने फिरताना

तुम्ही लिहिलंय की आईबाबा जूनमध्ये पहिल्यांदाच येताहेत, न्यू जर्सीहून नायगाराला गाडीने जायचंय, दोघं अंडंही खात नाहीत, आणि वाटेत फास्ट फूडच्या दुकानात "निदान फ्राइज तरी चालतील ना?" आधी याचंच उत्तर देते, कारण चूक इथेच होते. मॅकडोनाल्ड्सचे अमेरिकेतले फ्राइज शाकाहारी नाहीत.

तेल वनस्पतीचंच असतं. पूर्वी ते गाईच्या चरबीत तळायचे, १९९० मध्ये ते सोडलं. पण जुनी चव राहावी म्हणून 'नॅचरल बीफ फ्लेवर' घालत राहिले, आणि कंपनीच्या साइटवर घटकांच्या यादीत तो आजही लिहिलेला आहे. २००१ मध्ये सिअ‍ॅटलला यावरून दावा लागला, पुढच्या वर्षी कंपनीने माफी मागितली आणि १ कोटी डॉलर देऊन तो मिटवला. दावा लागला तेव्हा ठाण्यातल्या दुकानाचीही तोडफोड झाली होती, बाबांना कदाचित आठवत असेल. भारतातल्या फ्राइजमध्ये तो फ्लेवर नाही, हे कंपनीने तेव्हाच सांगितलं होतं. म्हणून "पुण्यात खातो की आपण" हा हिशोब इथे धरू नका.

दुसरी गोष्ट, काउंटरवर नुसतं "इज इट व्हेजिटेरियन?" असं विचारू नका. हे मी सासूबाईंच्या वेळी शिकले. हायवेवरच्या एका दुकानात मी असंच विचारलं, मुलगी हसून हो म्हणाली, आणि बीन्सच्या वाटीत चार घास खाल्ल्यावर त्यांच्या चमच्यावर एक गुलाबी तुकडा आला. डुकराच्या मांसाचा. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. वाटी हळूच बाजूला सारली, तोंड धुऊन आल्या आणि पुढचे दोन दिवस केळी नि दूध यावर राहिल्या. मला अजून ते आठवलं की वाईट वाटतं. त्या मुलीने फसवलं नव्हतं. तिच्या लेखी त्यात मांसाचा 'पदार्थ' नव्हता, चवीपुरते तुकडे होते. आपल्याकडच्या पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यासारखी सक्तीची खूण इथे नाही, आणि इथल्या 'व्हेजिटेरियन'मध्ये अंडं सहज बसतं. म्हणून एकेक नाव घेऊन विचारा: नो मीट, नो चिकन, नो फिश, नो एग, नो लार्ड, नो ब्रॉथ. लार्ड म्हणजे डुकराची चरबी, ब्रॉथ म्हणजे मांस उकळलेलं पाणी. सूप आणि भात यांत ते बऱ्याचदा निघतं. दुकानांच्या साइटवर अ‍ॅलर्जीचा तक्ता असतो, त्यात दूध-अंडं कळतं, पण चरबी आणि ब्रॉथ नाही, कारण त्या अ‍ॅलर्जीच्या यादीतच येत नाहीत. घटकांची पूर्ण यादी उघडून वाचा.

आता कुठे जायचं ते. माझी पहिली पसंती चिपोटले, ही मेक्सिकन पद्धतीच्या खाण्याची साखळी. समोर काचेमागे सगळं मांडलेलं असतं, बोट दाखवून घ्यायचं. भात, काळे किंवा पिंटो बीन्स, परतलेली ढोबळी मिरची-कांदा, साल्सा म्हणजे टोमॅटोची चटणी. दोन्ही बीन्स शाकाहारी आहेत. पिंटोत बेकन, म्हणजे डुकराचं मांस, असतं असं जुन्या लेखांत वाचाल, ते पूर्वी असायचं, आता नाही. मांस घेतलं नाही की ग्वाकामोली, म्हणजे अ‍ॅव्होकाडोची चटणीच, त्याच पैशांत मिळते. "प्लीज चेंज युअर ग्लव्ह्ज" म्हटलं की हातमोजे बदलतात, अजिबात संकोच करू नका. शक्यतो साडेअकराला जा. बाराची गर्दी सुरू झाली की भांड्यांतले चमचे इकडचे तिकडे होतात आणि बाबांना सावकाश बघून ठरवायला वेळ मिळत नाही.

दुसरं टॅको बेल, तीही मेक्सिकन पद्धतीचीच साखळी. बीन बरिटो मागा, म्हणजे पोळीत गुंडाळलेले बीन्स. त्यांच्या बीन्समध्ये लार्ड नसते. कुठल्याही पदार्थात मांसाच्या जागी बीन्स घालून देतात, आणि 'फ्रेस्को' म्हटलं की चीज-सॉसऐवजी टोमॅटो घालतात. स्क्रीनवर ऑर्डर दिलीत तर बीफ काढून बीन्स घातल्याचं पावतीवर छापून येतं, ती पाकीट उघडण्याआधी ताडून बघा.

बर्गर किंगचा इम्पॉसिबल व्हॉपर, हा बिनमांसाचा बर्गर, २०१९ पासून सगळीकडे मिळतो, पण तुमच्या आईबाबांसाठी मी सुचवणार नाही. पॅटी सोयाची असली तरी मांसाच्याच जाळीवर भाजतात (वेगळी गरम करून द्या म्हणता येतं), मेयोनेजमध्ये अंडं असतं, आणि पॅटी मुद्दाम मांसासारखी लागावी म्हणूनच केलेली आहे. पहिल्या घासालाच त्यांचा हात थांबेल.

बारीकसारीक: पाटीवरच्या किमतीत कर नसतो, न्यू जर्सीत वर ६.६२५ टक्के लागतो. मोठा ग्लास जवळजवळ ९०० मिली असतो, दोघांत एक पुरतो, आणि "नो आइस" आठवणीने सांगा. चहा म्हणजे गरम पाणी आणि पुडी.

आणि आईंना निघताना शेंगदाण्याची चटणी आणायला सांगा. त्या केळी-दुधाच्या दिवसांनंतर सिरॅक्यूजजवळ सासूबाईंना चिपोटलेत नेलं. भात आणि काळे बीन्स बराच वेळ नुसते बघत बसल्या, मग पर्समधून स्टीलची छोटी डबी काढली, वर दोन चमचे चटणी पसरली आणि म्हणाल्या, "राजम्यासारखंच आहे गं." पूर्ण वाडगा संपवला.