कॉफीहाऊसमध्ये घडणारी 'ऑन व्हॉट ग्राउंड्स' ही रहस्यकादंबरी वाचकांना कशी वाटली? वाचावी का?

तुम्ही लिहिलंय की कुणी हिला कडक म्हणतं, कुणी पाणचट, त्यामुळं घ्यावी की नको कळेना. रहस्य पाणचट आहे, कॉफी कडक आहे. वाचा. तुमचं उत्तर झालं. पुढचं माझं आहे.

कोल्हापुरात राजारामपुरीत सहा वर्षं माझं कॉफीचं दुकान होतं. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध उभ्या उभ्या पिणाऱ्या गावाला मी नव्वद रुपयांत कडू काढा विकत होतो. 'दूध जादा, साखर जादा, कॉफी नावाला' ही आमची सगळ्यात खपणारी ऑर्डर. तरी दुकान चाललं. माझ्या भाचीनं हे पुस्तक आणून दिलं, "मामा, हे तुझंच दुकान आहे बघ" म्हणाली.

सुरुवात झकास आहे. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधलं जुनं कॉफीहाऊस. मॅनेजर क्लेअर सकाळी येते तर हाताखालची मुलगी तळघराच्या जिन्याखाली बेशुद्ध पडलेली आणि कॉफीचा चोथा सांडलेला. पोलीस म्हणतात पाय घसरला, बाईला पटत नाही. नावातच कोटी आहे, ग्राउंड्स म्हणजे चोथाही आणि ज्याच्या जोरावर संशय घ्यायचा तो आधारही. २००३ सालचं पुस्तक. क्लिओ कॉयल हे टोपणनाव, लिहिणारे दोघं नवरा-बायको. नवरा-बायको मिळून खून पचवतात आणि आम्हाला दाजी-मेव्हणा मिळून एक दुकान चालवता आलं नाही.

तर माझा चोथा.

मशीनच्या हँडलमध्ये अठरा ग्रॅम पूड घ्यायची, वरून दाबायची, पंचवीस-तीस सेकंदांत कॉफी उतरते. मग हँडल डब्याच्या दांडीवर आपटलं की चोथ्याची गोल वडी पडते. आम्ही तिला टिक्की म्हणायचो. एक कप, एक टिक्की. म्हणजे किलोभर बियांत पन्नासच्या वर, चोपन्न-पंचावन्न कप निघायला पाहिजेत. माझ्याकडं किलो संपायचा आणि बिलं बेचाळीस. एक दिवस नव्हे, आठवड्यातनं तीन-चार दिवस.

नेमकं तेव्हा हे पुस्तक अर्धं झालं होतं. मग काय, माझ्या अंगात आली क्लेअर. रात्री शटर अर्धं ओढून 'पुढारी' पसरला आणि चोथ्याचा डबा त्यावर उलटा केला. गोल, घट्ट टिक्क्या मोजल्या, चाळीसच्या आसपास. बाकी नुसता लगदा, ओला, फुटलेला. म्हटलं, ओतताना फुटल्या असतील. बियांचा हिशोब सांगत होता की बारा कप बिलाशिवाय गेलेत, आणि ते जात होते दुपारी दोन ते चार, मी जेवायला घरी असताना. त्या वेळी दुकानात दोघंच. एक वडणग्याचा पोरगा, कामाला ठेवलेला. दुसरा माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, दुकानात चार आणे भागीदार.

कुणावर संशय घेतला हे सांगायला नकोच.

पोराला मी गिऱ्हाइकांसमोर विचारलं, ही माझी चूक. "दुपारचे पैसे कुठं जातात?" तो काही बोलला नाही. हातातला कप पुसून पालथा ठेवला, अ‍ॅप्रन काढून खुंटीला लावला आणि गेला. महिन्याचे अकरा दिवस झाले होते, ते पैसे न्यायलाही आला नाही. मेव्हणा शेजारीच उभा होता. मोबाईल बघत होता.

तीन आठवड्यांनी पुन्हा डबा उलटा केला. बारा कप अजून जातच होते. आणि लगदाही तसाच. तेव्हा डोक्यात उजेड पडला. पूड नीट दाबली की टिक्की विटेसारखी पडते, अंगठ्यानं दाबली तरी मोडत नाही. त्या पोराची टिक्की तशी असायची, उचलून कपाटावर मांडावी अशी. आमचा मेव्हणा मात्र दाबायचा कंटाळा करतो, पूड टाकली की हँडल मशीनला लावलं. त्याची टिक्की पडतानाच चिखल होते. म्हणजे चोर पहिल्याच रात्री पेपरवर सही करून गेला होता. मोजणी माझी बरोबर होती. वाचता आलं नाही.

विचारल्यावर तो लाजलाही नाही. "दाजी, तालमीतली पोरं येतात माझी. पाहुण्याकडनं कोण पैसे घेतं काय कोल्हापुरात? आणि माझे पण पैसे आहेत की दुकानात." मी म्हटलं, फुकट पाज, शंभर कप पाज, पण वहीत लिही. आणि मी पोराला बोललो तेव्हा तोंड का नाही उघडलंस? यावर त्याचं उत्तर आजतागायत एकच: "तुम्ही मला कुठं विचारलं?"

परवा दिवाळीत पुन्हा तेच झालं. जेवणाच्या पाटावर म्हणाला, "दाजींनी इंग्लिश पुस्तक वाचून एक चांगला पोरगा घालवला." म्हणजे दोष पुस्तकाचा, माझा, पोराच्या गप्प बसण्याचा, सगळ्यांचा. बारा कपांचा सोडून.

म्हणून तुमचा प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही. पुस्तकाला माझा दोष एवढाच की या जातीच्या कादंबऱ्यांत निम्म्या गावावर संशय घेतला जातो आणि शेवटी सगळे परत त्याच टेबलावर कॉफी प्यायला बसतात. ज्याच्यावर खोटा संशय घेतला तो हसून म्हणतो, जाऊ द्या हो. खुनावर माझा विश्वास बसतो, यावर बसत नाही. आमचा पोरगा आता रंकाळ्यावर गाडी लावतो. एकदा गेलो. कॉफी दिली, चांगलीच होती. पन्नासची नोट दिली तर वरचे दहा रुपये मोजून हातावर ठेवले. ओळख दाखवली नाही, आणि दाखवावी अशी माझी अपेक्षाही नव्हती. (होती, थोडी.)

बाकी वाचकांची मतं विचारलीत, तर माझी प्रत तिघांकडं फिरली आहे. एक निवृत्त प्राध्यापिका, बाबुराव अर्नाळकरांवर वाढलेल्या, म्हणाल्या, "झुंजारनं वीस पानांत निकाल लावला असता, ही बाई अजून दूधच तापवतेय." आमच्या अक्काला खुनाशी देणंघेणं नव्हतं. दुकानाची मालकीण ही नायिकेची माजी सासू, आणि ती घटस्फोटित सुनेला बोलावून दुकान तिच्या हातात देते, हेच तिला सगळ्यात मोठं रहस्य वाटलं. त्यात माजी नवरा कॉफीच्या बिया खरेदी करणारा, तोही मध्ये मध्ये टपकतो. तिसरा भाचीचा मित्र, त्यानं फक्त मागच्या पाककृती वाचल्या आणि पुस्तक आवडलं म्हणून सांगितलं.

मला स्वतःला कॉफीवरची ती लांबलचक माहिती आवडली, जिला बरेच जण व्याख्यान म्हणून नावं ठेवतात. ज्यानं कधी मशीनपुढं उभं राहून पाय दुखवून घेतलेत त्याला ती पानं भरताड वाटणार नाहीत. खुनी कोण याचा अंदाज मला बराच आधी आला. अर्थात माझ्या अंदाजांचं काय होतं ते वर आलंच आहे.

आणि हो, इंग्रजी मला सावकाश वाचावं लागतं, त्यामुळं कुठं विनोद निसटला असेल तर तो माझा दोष. ही मोठ्या मालिकेतली पहिली कादंबरी आहे, पुढच्या मी वाचलेल्या नाहीत, तेव्हा पुढं रहस्य कडक होत असेल तर मला माहीत नाही. मारामारी, रक्त, पाठलाग पाहिजे असेल तर याच्या वाटेला जाऊच नका. आणि नात्यातल्या माणसाबरोबर दुकान काढणार असाल तर पहिल्या दिवशी फुकटच्या कपांची वेगळी वही घाला, कादंबरी मागनं वाचा.

प्रत मागू नका. मेव्हण्याकडं आहे. 'बघू तरी काय वाचून डोकं फिरलं' म्हणून घेऊन गेला, वर्ष झालं, चाळिसाव्या पानावर तालमीच्या वर्गणीची पावती खूण म्हणून घातलेली आहे ती तिथंच आहे.