वाचक विचारतात : सुटा लेख की वर्षाची वर्गणी?

प्रश्न : मुलगी राज्यसेवेची तयारी करते. तिला इंग्रजी दैनिकातले आठवड्याला दोन-तीनच लेख लागतात, पण वेबसाइटवर थेट वर्षाची वर्गणी मागतात. सुटा लेख विकत मिळत नाही का? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपल्याकडची बहुतेक दैनिकं सुटा लेख विकत नाहीत. नेदरलँड्समध्ये ब्लेंडल या वेगवेगळ्या दैनिकांचे लेख ऑनलाइन विकणाऱ्या कंपनीने 2014 साली हा प्रयोग केला होता. लेख आवडला नाही तर पैसेही परत मिळायचे. तरी 2019 मध्ये त्यांनी सुटी विक्री सोडून वर्गणी धरली. दर लेखाला ‘घेऊ की नको’ ठरवायचा वाचकाला कंटाळा येतो आणि वृत्तपत्राला दरमहाचा बांधील पैसा लागतो.

तुमच्यासाठी कागदी अंकाचाच हिशेब मांडा. अंक 8 रुपयांचा धरला, तर आठवड्याला तीन म्हणजे महिन्याला 13 अंक, 104 रुपये. डिजिटल वर्गणी याहून स्वस्त असेल तर जरूर घ्या, पण आधी एकाच महिन्याची. पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर बघून भुलू नका, नूतनीकरणाचा दर विचारा. ई-पेपर आणि वेबसाइटवरचे लेख यांची वर्गणी काही ठिकाणी वेगवेगळी असते. मुलीला कात्रणं काढायची असतील तर ई-पेपर हवा, आणि मागचे किती दिवसांचे अंक उघडतात हेही बघा.

फसगत होते ती ऑटोपेमध्ये, म्हणजे दर वेळी खात्यातून आपोआप पैसे कापायच्या परवानगीत. ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबली, असं समजू नका. 15,000 रुपयांपर्यंतची पुढची कपात ओटीपीशिवाय होते. किमान 24 तास आधी सूचना येते, ती नेमकी जाहिरातींच्या मेसेजमध्ये हरवते. ज्या यूपीआय ॲपवरून पैसे भरले, त्यातच ऑटोपे उघडून परवानगी रद्द करा. वर्गणी घेतली त्याच दिवशी केलं तर उत्तम.

त्याआधी मुलीला करवीर नगर वाचन मंदिरात एकदा पाठवा आणि कोणती दैनिकं येतात ते बघायला सांगा. 1850 पासूनचं हे ग्रंथालय गावात असताना तीन लेखांसाठी वर्षाचे पैसे अडकवू नयेत, असं आम्हाला मनापासून वाटतं.

प्रश्न : आम्ही गावी गेलो तरी पेपरचं बिल पूर्ण येतं. काय करावं?

उत्तर : विक्रेत्याला आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगा. त्याची दुसऱ्या दिवशीच्या अंकांची मागणी संध्याकाळी गेली की तुमचा अंक त्याच्याच गळ्यात पडतो. बंदच्या तारखा कॅलेंडरवर लिहा आणि बिल देताना त्याच्या वहीशी ताडून बघा. वर्षाचे पैसे योजनेत आधीच भरले असतील, तर अंक बंद ठेवून पैसे वळते होतात का, हे पावती घेतानाच विचारून घ्या.