एडीएचडी (लक्ष टिकवणं, एका जागी बसणं अवघड जातं ती अवस्था) असलेला मुलगा तोंडी सगळं सांगतो, पण वहीत दोनच ओळी लिहितो. काय करावं?

ताई, मुलगा चौथीत आहे, बाई चुकलेला शब्द दहादा लिहायला लावतात आणि तरी फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. आधी ते दहादा लिहिणं थांबवायला सांगा. तिसऱ्या-चौथ्या वेळेला त्याचं लक्ष सुटतं, हात तेवढा चालत राहतो. तिथं वेलांटी चुकली की पुढं सगळीकडं तीच उतरते. चूकच घोटली जाते.

लिहिताना मुद्दा आठवणं, वाक्य जुळवणं, काना-मात्रा, ओळ हे सगळं एकाच वेळी डोक्यात धरावं लागतं. एडीएचडीत नेमकं हे धरून ठेवणंच जड जातं. लेकरू आळशी नाही. म्हणून ही कामं सुटी करा.

समजा निबंध आहे 'आमची येळवस' (वेळ अमावस्येचा शेतातला सण). पाच मिनिटं त्याला नुसतं बोलू द्या. तुम्ही एकेका चिठ्ठीवर एकेक शब्द टिपा: खोप, भज्जी, आंबील, पाहुणे, झोका. चिठ्ठ्या ओळीनं त्यालाच लावू द्या. मग एक चिठ्ठी समोर, बाकीच्या पालथ्या. वाक्य आधी मोठ्यानं म्हणायचं, मग लिहायचं, आणि चिठ्ठी डब्यात टाकायची. आठ-दहा मिनिटं झाली की उठवा, माठातून पाणी आणायला लावा, पुन्हा बसवा. या मधल्या वेळेत मोबाइल मात्र देऊ नका, परत बसवणं फार अवघड होतं.

तो लिहीत असताना चुका दाखवू नका, तुटलेलं वाक्य त्याला पुन्हा सापडत नाही. तपासणी नंतर, तीही एका वेळी एकाच गोष्टीची. पहिल्यांदा बोट ठेवून मोठ्यानं वाचत काना-मात्रा बघायच्या. 'आंबील'चं 'आबल' झालं असेल तर कानाला बहुधा खटकतं. दुसऱ्यांदा फक्त पूर्णविराम. शिरोरेषा अख्खा शब्द झाल्यावर एकदाच ओढायची, दोन शब्दांत बोटभर जागा. वही मांडीवर नको, पाटावर किंवा चौरंगावर ठेवा.

बाईंना तीन गोष्टी मागा: पहिल्या बाकावर, दार-खिडकीपासून लांब जागा, फळ्यावरचं सगळं उतरवण्याऐवजी निम्मंच, आणि उत्तराचे गुण अक्षरावरून कापू नयेत. हे लेखी द्या, बाई बदलल्या तरी कागद राहतो.

औषध चालू असेल तर त्याचा असर किती वाजेपर्यंत टिकतो ते डॉक्टरांना विचारा आणि लिखाण त्या वेळेत बसवा. औषधानं लक्ष टिकायला मदत होते, शुद्धलेखन मात्र शिकवावंच लागतं.

दोन-तीन महिने असं करूनही अक्षरं गळत असतील, वाचतानाही अडत असेल, तर अध्ययन अक्षमतेची (बुद्धी चांगली असूनही वाचणं, लिहिणं किंवा गणित जड जाणं) तपासणी करून घ्या. ती एडीएचडीसोबत बऱ्याचदा असते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. पुढं दहावीला जादा वेळ किंवा लेखनिक लागला तर नुसता एडीएचडीचा कागद पुरेलच असं धरू नका.