उघडपणे समलिंगी असलेल्या व्यक्तीला पाळक म्हणून दीक्षा द्यावी का? पवित्र शास्त्र इतकं स्पष्ट असताना चर्चमध्ये वाद नेमका कशावर चाललाय?

तुमच्या प्रश्नातला ‘उघडपणे’ हा शब्द वाचून थांबले, आणि म्हणूनच लिहायला बसले. माझ्या मते सगळा वाद त्या शब्दापाशी आहे. वचनाकडे नंतर येते.

समलिंगी पाळक चर्चला नवीन नाहीत. जुन्या मंडळीत वाढलेल्या कुणालाही विचारा. ‘त्यांनी लग्न केलं नाही, प्रभूच्या सेवेला वाहून घेतलंय’ असं ज्यांच्याबद्दल आदराने सांगितलं जायचं, त्यांतल्या एखाद्याविषयी सगळ्यांना सगळं ठाऊक असायचं आणि कुणी अवाक्षर काढायचं नाही. त्यांच्या हातून बाप्तिस्मे झाले, लग्नं लागली, प्रभुभोजन घेतलं गेलं. वादळ उठतं ते कुणी स्वतःच्या तोंडाने सांगितल्यावर. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चने 1984 साली दीक्षेवर बंदी घातली, तिची शब्दरचना बघा: ‘स्वतः कबूल करणारे आणि तसं आचरण करणारे’ समलिंगी. कबूल करणं हा नियमातच अर्धा गुन्हा धरलेला होता.

आता माझं सांगते. 2003 साली मी आमच्या मंडळीच्या पाळकीय उमेदवार समितीची चिटणीस होते. आम्ही सात जण होतो, त्यांत माझा थोरला भाऊही. त्या वर्षी एकच अर्ज आला होता. त्या मुलाचं नाव लिहिणार नाही. अकरा वर्षं त्याने तरुण संघ चालवला होता आणि सेमिनरीचं शिक्षण पुरं करून आला होता. आमची आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली, वाचा गेलेली. हा दर गुरुवारी संध्याकाळी यायचा, तिच्या उशाशी खुर्ची ओढायचा आणि स्तोत्र 121 वाचायचा. वाचता वाचता मुद्दाम एखादा शब्द गाळून थांबायचा. आईचे ओठ तो शब्द पुरा करायला हलायचे. आवाज यायचा नाही, पण ओठ बरोबर तोच शब्द धरायचे. आम्ही दोघं भावंडं रात्रंदिवस तिच्याजवळ होतो, आम्हाला हे कधी सुचलं नव्हतं.

अर्जाच्या शेवटच्या पानावर एक प्रश्न असायचा: ‘मंडळीला अडखळण होईल अशी एखादी गोष्ट आपल्या आयुष्यात आहे काय?’ आजवर प्रत्येक उमेदवाराने तिथे ‘नाही’ लिहिलं होतं. याने निळ्या शाईत दोन ओळी लिहिल्या: ‘मी समलिंगी आहे. याचं अडखळण होतं की नाही, ते मंडळीने ठरवावं.’

अध्यक्षांनी ते पान मनातल्या मनात दोनदा वाचलं आणि पुढे सरकवलं. ते टेबलाभोवती फिरत दादाकडे आलं. त्याने वाचून पालथं ठेवलं आणि विचारलं, “हे लिहायची काय गरज होती?”

तो म्हणाला, “विचारलं होतं.”

तो कुणाबरोबर राहतो का, त्याचं आयुष्य कसं आहे, हे कुणी विचारलं नाही. तो एकटा राहत होता. म्हणजे ‘आचरणा’चा मुद्दा घ्यायचा म्हटला तरी हातात काही नव्हतं, होती ती त्या दोन ओळींची कबुली. दादाने तोडगा काढला: याला कोरा अर्ज देऊ, तो प्रश्न रिकामा सोडू दे, पहिला अर्ज गहाळ झाला म्हणू. दादा हे मनापासून म्हणत होता, त्याला तो मुलगा हवा होता. मुलगा म्हणाला, “काका, मग खोटी साक्ष देऊ नको हे मी पुलपिटवरून कुणाला शिकवू?”

अध्यक्ष म्हणाले, “मग अर्ज मागे घे.”

“मी मागे घेत नाही. नाकारायचा असेल तर नाकारा, आणि कारण लिहा.”

त्याला बाहेर बसवलं. पाऊण तास आम्ही आत होतो आणि त्या पाऊण तासात ‘नाकारला’ हा शब्द आपल्या नावावर घ्यायला सातांपैकी एकही जण तयार झाला नाही. मीही नाही. शेवटी दादा मला म्हणाला, “मागे घेतला असं लिही. त्याच्याच भल्याचं आहे, पोराचं नाव राहील.” मी इतिवृत्तात लिहिलं: ‘उमेदवाराने वैयक्तिक कारणास्तव अर्ज मागे घेतला.’ पुढे वार्षिक सभेत समितीचा अहवाल मीच वाचला. तो तिसऱ्या रांगेत बसला होता. त्याने ते वाक्य माझ्या तोंडून ऐकलं आणि उठून काही बोलला नाही.

ज्याने खरं सांगितलं त्याला आम्ही सेवेला अपात्र ठरवलं, आणि ते झाकायला चिटणिसाने, म्हणजे मी, देवाच्या घरात खोटं वाचून दाखवलं. मंडळीला अडखळण कशाचं झालं, हे तुम्हीच ठरवा.

त्याच वर्षी जुलैत इंग्लंडमध्ये जेफ्री जॉन यांचं प्रकरण झालं होतं. त्यांना रेडिंगचे बिशप म्हणून नेमलं होतं. आपण समलिंगी आहोत, दीर्घकाळ एका जोडीदाराशी बांधलेले आहोत आणि ब्रह्मचर्य पाळतो, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. चर्च ऑफ इंग्लंडचा पाळकांसाठीचा नियमही तेवढंच मागत होता. म्हणजे नियम पाळलेला होता. तरी विरोध इतका वाढला की चर्चचे प्रमुख, कँटरबरीचे आर्चबिशप, यांच्याशी भेट झाल्यावर त्यांनी नाव मागे घेतलं. पुढच्या वर्षी ते सेंट ऑल्बन्सच्या कॅथेड्रलचे डीन, म्हणजे तिथले प्रमुख पाळक, झाले, म्हणजे तिथे चालले, बिशप म्हणून चालले नाहीत. ‘मागे घेतलं’ हे शब्द मी कुठेही वाचले की मला माझं अक्षर दिसतं.

दादाचं म्हणणं आजही तेच आहे: त्याने गप्प बसायला हवं होतं. आमचं यावर बावीस वर्षं भांडण चालू आहे. दादाकडे आकडे असतात. 1998 च्या लॅम्बेथ परिषदेत जगभरच्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, बिशपांनी 526 विरुद्ध 70 मतांनी ठराव केला की समलिंगी आचरण पवित्र शास्त्राशी विसंगत आहे आणि अशा नात्यात असलेल्यांना दीक्षा देणं योग्य नाही. दुसरं, अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चने, म्हणजे तिथल्या अँग्लिकन चर्चने, उघडपणे समलिंगी असलेल्या जीन रॉबिन्सन यांना न्यू हॅम्पशायरचे बिशप केलं. तो अभिषेकही 2003 च्या नोव्हेंबरमधलाच. त्यानंतर अँग्लिकन जगात जी फूट पडली ती आजवर भरलेली नाही. दादा म्हणतो, एका माणसाच्या खरं बोलण्यापायी ख्रिस्ताच्या शरीराचे तुकडे करायचे का?

मी त्याला म्हणते, रॉबिन्सन यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या, म्हणून त्यांनी अभिषेकाच्या झग्याखाली गोळीरोधक जाकीट घातलं होतं. मंडळीच्या ऐक्याला धोका कुणाकडून होता, ते त्या जाकिटाला विचार. शिवाय 1998 च्या त्याच ठरावात समलिंगी लोकांचं म्हणणं ऐकून घेण्याचं वचनही बिशपांनी दिलं होतं. ते वाक्य दादाला पाठ नाही.

आता वचन. लेवीय 18 आणि 20, रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय, करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा, तीमथ्याला पहिल्या पत्राचा पहिला, समलिंगी संबंधांविषयी नेहमी दाखवली जाणारी ही ठिकाणं तुम्हाला माहीत असणारच. पौलाने वापरलेला ‘आर्सेनोकोइताय’ हा ग्रीक शब्द त्याच्या आधी कुठे सापडत नाही, ‘पुरुष’ आणि ‘शय्या’ जोडून केलेला आहे. त्यात लेवीयाचीच सावली आहे असं एक बाजू म्हणते, त्या काळच्या शोषणाविषयी तो आहे असं दुसरी. मला ग्रीक येत नाही आणि हा वाद शब्दकोशाने मिटेल असं वाटतही नाही. विरोध करणाऱ्यांचा खरा भक्कम मुद्दा या चार-पाच वचनांत नसून उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांत आणि इफिसकरांस पत्राच्या पाचव्यात आहे: स्त्री-पुरुषाचं लग्न हे ख्रिस्त आणि मंडळीचं चित्र आहे, आणि पाळकाने ते आयुष्यात दाखवायचं असतं. हा मुद्दा मी हलका मानत नाही.

पण मग तोच काटा सगळीकडे लावा. घटस्फोटाबद्दल खुद्द प्रभू येशू मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात बोललाय, समलिंगी लोकांबद्दल शुभवर्तमानांत त्याचा एक शब्दही नाही. आज कितीतरी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत घटस्फोटानंतर पुन्हा लग्न केलेले पाळक सेवा करतात, आणि ती प्रत्येक केस माणूस बघून, प्रार्थना करून ठरवली जाते. स्त्रियांनी शिकवू नये हे तीमथ्याच्या पत्रात स्पष्ट लिहिलंय, तरी अनेक चर्चेसनी स्त्रियांना दीक्षा दिली. दादाची सून स्वतः उपदेश करते, आणि दादा पहिल्या बाकावर बसून ऐकतो. प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा अध्याय काढा. नियमशास्त्र षंढाला परमेश्वराच्या मंडळीत येऊ देत नव्हतं. इथे एक षंढ अधिकारी रथातून विचारतो की मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे, तोच रथ थांबवायला सांगतो, आणि फिलिप्प त्याच्याबरोबर पाण्यात उतरतो. फिलिप्पाने आधी अर्ज भरून घेतला नव्हता.

कोणत्या चर्चने काय ठरवलं, तेही तुम्हाला हवं असेल. युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टने 1972 सालीच विल्यम जॉन्सन या उघडपणे समलिंगी तरुणाला दीक्षा दिली. कॅनडाच्या युनायटेड चर्चने 1988 मध्ये दार उघडलं, अमेरिकेतल्या मोठ्या लुथेरन चर्चने 2009 मध्ये. रोमन कॅथलिक चर्चमध्ये पाळक बहुतेक सगळे ब्रह्मचारी, तरी 2005 च्या सूचनेनुसार ‘खोलवर रुजलेला’ समलिंगी कल असलेल्याला सेमिनरीत घेत नाहीत. तिथेही प्रश्न नुसत्या आचरणाचा उरलेला नाही, समलिंगी असण्याचाच आहे. मेथडिस्टांनी 2019 मध्ये 438 विरुद्ध 384 मतांनी बंदी आणखी कडक केली, आणि 2024 मध्ये 692 विरुद्ध 51 मतांनी ती काढून टाकली. हा दुसरा आकडा मी दादाच्या तोंडावर फेकला होता. पण खरं बोलायचं तर मधल्या काळात अमेरिकेतल्या त्यांच्या साधारण पाव मंडळ्या, 7,600 हून अधिक, बाहेर पडल्या होत्या. विरोधक उठून गेल्यावर मिळालेलं बहुमत आहे ते, हे दादा म्हणाला आणि ते मला मान्य करावं लागलं.

आई गेली तेव्हा तो मुलगा आला आणि मागे उभा राहिला. दादानेच जाऊन त्याला सांगितलं, स्तोत्र तू वाच. मग हळूच पुढे म्हणाला, “वर नको जाऊस, इथूनच वाच.” त्याने खालून, शवपेटीशेजारी उभं राहून वाचलं. एकही शब्द न गाळता. त्या दिवसानंतर मी दादाशी चार महिने बोलले नाही, आणि तो अजून म्हणतो की वाचायला बोलावलं हे बघ ना.

तुम्ही विचारलंय, दीक्षा द्यावी का. माझं उत्तर: हो. पाचारण दिसत असेल, शिक्षण झालं असेल, चारित्र्य चांगलं असेल आणि विवाहित पाळकाकडून जी निष्ठा आपण मागतो ती तो आपल्या नात्यात पाळणार असेल, तर द्यावी. विरोधात असलेले सगळे द्वेषाने पेटलेले नसतात, हे इथे नोंदवते. माझ्या ओळखीत एक समलिंगी बाई आहेत, वचनाचा अर्थ त्या पारंपरिक लावतात आणि आपल्या निर्णयाने एकट्या राहतात. त्यांना कुणी भित्रं म्हटलं तर मला राग येतो. ज्या मंडळीला मनापासून वाटतं की वचन परवानगी देत नाही, तिला ‘नाही’ म्हणायचा हक्कही आहे.

पण मग ‘नाही’ म्हणा. तुम्ही कधी अशा समितीवर बसलात तर एवढं करा: अर्जात विचारायचं नसेल तर विचारू नका. विचारलंत, आणि समोरच्याने खरं सांगितलं, तर त्याला कोरा अर्ज पुढे करू नका. नाकारायचा असेल तर ‘नाकारला’ लिहा, कोणत्या वचनाच्या आधारे ते लिहा आणि खाली सातही जणांनी सह्या करा. सही करताना हात थांबला, तर तिथे पुन्हा प्रार्थनेला बसा. ‘नाव राहील’ म्हणून कुणी दुसरा शब्द सुचवेल, तो तुमचा थोरला भाऊ असला तरी लिहू नका.

2019 मध्ये मी समितीला पत्र दिलं की 2003 च्या इतिवृत्तातली ती ओळ खोटी आहे आणि ती मी लिहिली आहे, दुरुस्ती करा. जुनं पुस्तक बंद झालंय, त्यात आता बदल करता येत नाही, असं उत्तर आलं. तेव्हा पत्राची प्रत मी त्या पुस्तकाच्या त्या पानाला टाचणीने लावली. ती अजून तिथे आहे, दर वर्षी मी बघून येते.