“हिला कमी काय आहे?”

दीड महिन्याचं बाळ मांडीवर घेऊन आजी समोर बसल्या होत्या. लेक शेजारी, नजर खाली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

“मॅडम, मुलगा झालाय, जावई सोन्यासारखे. हिला कमी काय आहे? सारखी रडते. आमच्या वेळी असलं काही नव्हतं.”

हा प्रश्न मला फार वेळा ऐकावा लागतो. भारतातले ३८ अभ्यास २०१७ मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा शंभरातल्या साधारण २२ बाळंतिणींमध्ये नैराश्य आढळलं. म्हणजे पाचांत एक. पैशाची ओढाताण, नवऱ्याचा जाच, मुलगी झाली म्हणून टोमणे, आधी येऊन गेलेलं नैराश्य, यांनी धोका वाढतो. पण यातलं काहीही नसलेल्या बाईलाही ते होतं. पहिल्या आठवड्यातलं रडू वेगळं, ते बऱ्याच जणींना येतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. हिचं ओसरलं नव्हतं.

आजी जरा थांबून म्हणाल्या, “माझ्या जावेला बाळंतपणात बाहेरचं झालं म्हणून अंगारा लावायला नेलं होतं...”

लेक पहिल्यांदा बोलली. “बाळ झोपलं तरी मला झोप लागत नाही. त्याच्या छातीवर हात ठेवून बसते, श्वास चालू आहे ना बघत. वाटतं, याला दुसरी आई मिळायला हवी होती.”

बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला वापरतात ती एडिनबरा प्रश्नावली मी तिला दिली. दहाच प्रश्न. शेवटचा, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे पेन बराच वेळ थांबलं, मग तिने ‘कधी कधी’वर खूण केली. अशा उत्तराला मी उद्यावर ढकलत नाही. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, घरी तिला एकटं ठेवायचं नाही असं ठरवलं. अंगावर पाजत असतानाही चालणारी औषधं असतात, हे आजींना दोनदा सांगावं लागलं. रात्री एका वेळेला काढून ठेवलेलं दूध आजींनी पाजायचं, म्हणजे हिला सलग चार-पाच तास झोप. अडीनडीला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक फोनमध्ये घालून दिला.

महिन्याभराने ती आली तेव्हा नवरा सोबत होता. ती बाळाच्या अंगड्याची नाडी बांधत त्याच्याशी काहीतरी पुटपुटत होती. तो उठता उठता हळूच म्हणाला, “मॅडम, झोप तर मलाही लागत नाही. ऑफिसात डोळे भरून येतात.”

दहांतल्या साधारण एका बापालाही हे होतं. मी त्याला परत बसवलं आणि तोच दहा प्रश्नांचा कागद त्याच्यापुढे ठेवला.