असाइनमेंटचा कागद परत पाठवते आहे

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. आतला, तू तुझ्या चित्रकलेच्या वर्गाला द्यायचा असाइनमेंटचा कागद मी तीनदा वाचला. 'देह आणि मी. एकूण पाच कामं. त्यांतलं किमान एक स्वतःच्या विवस्त्र शरीराच्या अभ्यासावर आधारित हवं. संदर्भासाठी काढलेले फोटो वर्गाच्या ड्राइव्हवर टाकावेत.' आणि खाली पेन्सिलीने तुझा प्रश्न: 'बाई, प्राचार्य घाबरतील का?'

प्राचार्यांचं नंतर बघू. तो कागद वाचून मी घाबरले, आणि का घाबरले ते नीट सांगायचं म्हणून फोन न करता पत्र लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर तुला वाटेल बाई आता सोवळ्या झाल्या. उघड्या शरीराचा अभ्यास हवाच. चित्रकाराला माणूस कळायचा तर हाडं, स्नायू, वजन कुठल्या पायावर पडतंय, श्वास घेताना बरगड्या कशा उचलतात, हे डोळ्यांनी बघावंच लागतं. मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय सुरू झालं १८५७ मध्ये. तिथली पोरं कितीतरी वर्षं ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून शिकली, आणि जिवंत मॉडेल समोर बसवून न्यूड स्टडी सुरू झाली ती ग्लॅडस्टन सॉलोमन तिथे प्रमुख म्हणून आल्यावर, १९१९-२० च्या सुमाराला. प्लास्टरच्या पुतळ्याला ना थकवा येतो ना थंडी वाजते. माणूस समोर बसला की रेषच बदलते, हे तू स्वतः अनुभवलं आहेस. आणि 'आपल्या संस्कृतीत हे बसत नाही' असं कुणी म्हणालं, तर त्यांना कोल्हापूरकडे, कुंभोजजवळच्या बाहुबलीच्या जैन तीर्थाला घेऊन जा. अठ्ठावीस फुटांची दिगंबर मूर्ती आहे, आणि समोर आजी-आजोबा, सुना, नातवंडं हात जोडून उभी असतात. कुणाची मान खाली जात नाही.

तेव्हा माझी हरकत नग्नतेला नाही. माझी हरकत तुझ्या कागदावरच्या 'हवं' या शब्दाला आहे.

आता तुला एक गोष्ट सांगते. तुमच्या बॅचला ती कधी सांगितली नव्हती. १९९३ साल. मला शिकवायला लागून तीन वर्षं झाली होती. मी जवळजवळ असंच असाइनमेंट दिलं होतं, 'स्वतःकडे बघा' म्हणून. तुझ्याइतकं स्पष्ट लिहिलं नव्हतं, पण वर्गात बोलताना मला काय हवंय ते पोरांना कळेल असंच बोलले होते. मी बाई आहे, म्हणजे माझ्या वर्गात मुली सुरक्षितच, असा माझा पक्का समज होता.

तालुक्याच्या गावाहून आलेली, हॉस्टेलवर राहणारी एक मुलगी होती. अबोल, पण हात फार चांगला. तिने खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या आरशात बघून स्वतःचं विवस्त्र चित्र केलं. आरसा जेमतेम वीतभर रुंद, म्हणून चित्रही तसंच, उभं आणि अरुंद. डावा खांदा कडेने कापलेला, एक स्तन, पोटावरची सावली, खाली फरशीवर पडलेल्या टॉवेलाचा कोपरा. चारकोलवर थोडा पांढरा खडू. आजही डोळे मिटले की ते चित्र दिसतं, इतकं चांगलं होतं. मी तिला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क दिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "याला म्हणतात धाडस." त्या एका वाक्याने उरलेल्या अठरा पोरांना बाईंच्या वर्गात मार्क कशाला मिळतात ते कळलं. पुढच्या सबमिशनला आणखी चौघींनी तसली चित्रं आणली. चारही वाईट होती, आणि त्यांतल्या एकीच्या रेषेत तिची लाज इतकी स्पष्ट दिसत होती की मी तेव्हाच थांबायला हवं होतं. मी थांबले नाही.

वार्षिक प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी मांडणी चालली होती. मी शिडीवर होते. ती मुलगी खाली येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बाई, उद्या आई-आबा येणारेत. तेवढं माझं एक चित्र काढून ठेवू या का?" मी शिडीवरूनच तिला भाषण दिलं. चित्र पूर्ण झालं की ते आपलं राहत नाही, म्हणाले. चित्रकार अकबर पदमसींची गोष्ट सांगितली. १९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीतल्या त्यांच्या प्रदर्शनातली दोन चित्रं पोलिसांनी काढायला सांगितली, त्यांनी काढली नाहीत, अश्लीलतेचा खटला अंगावर घेतला आणि जिंकला. "त्यांनी पोलिसांना नाही म्हटलं, आणि तू आई-वडिलांना भितेस?" असं मी त्या एकोणीस वर्षांच्या पोरीला म्हणाले. ती "बरं बाई" म्हणून गेली.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. पांढरा सदरा, हातात टोपी. त्यांनी चित्र बघितलं आणि काही बोलले नाहीत. मग चित्राकडे पाठ करून ते त्याच्या अगदी पुढ्यात उभे राहिले, हात मागे बांधून, जवळजवळ तासभर. लोक येत-जात होते. कुणी त्या भिंतीजवळ आलं की ते थोडे डावीकडे सरकत, थोडे उजवीकडे. लेकीचं अंग ते आपल्या अंगाने झाकत होते. आई बाहेर बाकावर बसली होती, पदराचं टोक मुठीत धरून. मुलगी कुठेच दिसत नव्हती.

मी त्यांच्याशी बोलायला गेले नाही. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती, आणि आदल्या दिवशी मी धाडसावर भाषण दिलं होतं. संध्याकाळी जाऊन चित्र उतरवलं आणि कागदात गुंडाळून तिच्या खोलीवर दिलं. तिने घेतलं. उरलेलं दीड वर्ष तिने माझ्या वर्गात फिगर म्हणून जी केली ती पाठमोरी, चादर पांघरलेली. तिच्या हाताचं मी काय केलं, ते मी कधी भरून काढू शकले नाही.

पदमसींची गोष्ट मी तिला उलटी सांगितली, हे कळायला मला काही वर्षं लागली. चित्र राहू द्यायचं की उतरवायचं हे ठरवायचा हक्क त्यांनी पोलिसांना दिला नाही. त्या मुलीचा तोच हक्क मी काढून घेतला होता. माझ्या वर्गात पदमसी ती होती, आणि मार्कांची वही हातात घेऊन समोर उभी होते मी.

तुझ्याही हातात ती वही आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने चित्रकार सूझा आणि पदमसी यांची कस्टम्सने अश्लील म्हणून जप्त केलेली चित्रं सोडायला सांगितली, आणि प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं हेही बजावलं. बातमी वाचून तू मला रात्री अकराला फोन केला होतास, इतका खूश झाला होतास. मीही झाले होते. पण ती लढाई चित्रकार आणि सरकार यांची. वर्गात विद्यार्थ्यासमोर तू सरकारच्या जागी असतोस, हे तुला अजून जाणवलेलं नाही, कारण तू सव्वीस वर्षांचा आहेस आणि पोरं तुला नावाने हाक मारतात.

लाइफ क्लासला, म्हणजे जिवंत माणूस बघून चित्र काढायच्या वर्गाला, बसणारी मॉडेल आणि तुझी विद्यार्थिनी यांतला फरक बघ. मॉडेल पैसे घेऊन बसते, काम काय आहे ते तिला आधी माहीत असतं, नको वाटलं तर उठून जाते. तिचा निकाल तुझ्या हातात नसतो, आणि उद्या सकाळी तिला त्याच पोरांबरोबर कँटीनमध्ये चहा प्यायचा नसतो. विद्यार्थिनीला यातलं काहीच लागू होत नाही. 'तिने स्वखुशीने केलं' हे तू कशावरून म्हणणार? माझीही ती मुलगी "बरं बाई" म्हणालीच होती. आणि हे मुलींचंच आहे असं समजू नकोस. अंगावर भाजल्याच्या खुणा असलेला, कुणासमोर सदराही न काढणारा एक मुलगा माझ्या वर्गात होता. त्याने असल्या असाइनमेंटला काय केलं असतं? आजारी पडला असता, आणि मी त्याची हजेरी कापली असती.

फोटो ड्राइव्हवर टाकायची ओळ तर आधी खोड, बाकीचं पत्र मग वाच. त्या ड्राइव्हचा पासवर्ड आज कुणाकुणाकडे आहे? तू कॉलेज सोडलंस की कुणाकडे जाईल? एक फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जायला किती वेळ लागतो, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. संमतीशिवाय कुणाच्या खासगी अवयवांचा फोटो काढणं किंवा पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ई कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय असाइनमेंटचे कागद कॉलेजात फिरतात. तुझी पोरं विशीतली असतील, पण पुढच्या वर्षी फाउंडेशनचा, म्हणजे पायाभूत वर्गाचा, एखादा शिक्षक तुझाच कागद उचलेल. त्या वर्गात सोळा-सतराची पोरं असतात, आणि अठराच्या आतल्या मुलाची संमती अशा बाबतीत कायदा मोजतच नाही. असे फोटो मागणारा, साठवणारा शिक्षक थेट पॉक्सोखाली, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखाली, येतो, त्याचा हेतू कितीही कलेचा असो.

मग काय करायचं? विषय तोच ठेव, 'देह आणि मी' चांगला आहे. विवस्त्र हा शब्द काढ. कुणी स्वतःचा तळवा करील, कुणी आईच्या साडीतला आपला खांदा, कुणी नुसती सावली. ज्याला स्वतःहून विवस्त्र आत्मचित्र करायचं आहे त्याला अडवू नकोस, आणि त्याला जादा मार्कही देऊ नकोस. शाबासकी द्यायची ती रेषेला दे. असं चित्र बोर्डावर लागलं की तुझी जीभ सांभाळ. 'तुझी कंबर जड झालीये' असं आपल्या तोंडून सहज निघून जातं. 'कमरेची रेष जड झालीये' म्हण. एका शब्दाचा फरक आहे, पण पहिल्या वाक्याला मागे कुणीतरी हसतं. चित्र लावायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं, अगदी उद्घाटनाच्या दिवशी सकाळीसुद्धा, आणि कारण विचारायचं नाही. वर्गातल्या वर्गात एकमेकांना मॉडेल म्हणून बसवत असशील तर पूर्ण कपड्यांत बसव. फ्लॅटवर जमून एकमेकांचं न्यूड करू या असं पोरांनी ठरवलं, तर तू त्यात नसावंस आणि त्याला मार्क नसावेत.

न्यूड स्टडी रीतसर लाइफ क्लासमध्येच घे. त्यासाठी प्राचार्यांकडून मॉडेलचे पैसे मंजूर करून घे, भांडावं लागलं तर भांड. त्या भांडणात मी तुझ्या बाजूला उभी राहीन. मॉडेलशी आधी एकटं बसून बोल. किती वेळ, कुठली पोझ, किती पोरं, सगळं सांग आणि तिच्या भाषेत लिहून सही घे. वीस मिनिटं पोझ, पाच मिनिटं विश्रांती. घड्याळ तिला दिसेल असं लाव. ब्रेकनंतर तीच पोझ घेता यावी म्हणून पावलांभोवती खडूने खूण करतोस ना, ती तिला स्वतःला करू दे. पोझ सुधारायची तर स्वतः तसा उभा राहून दाखव, तिला हात लावू नकोस. मोबाइल दाराबाहेरच्या टोपलीत, तुझासुद्धा. दाराच्या काचांना आतून कागद लाव. वर्ग सोडून कुणीही आत येणार नाही, प्राचार्यही नाहीत. आणि पैसे त्याच दिवशी, पाकिटात, दोन्ही हातांनी. ज्या मुलाला किंवा मुलीला तो वर्ग नको असेल, त्यांना शेजारच्या खोलीत कास्ट ड्रॉइंग, म्हणजे प्लास्टरच्या पुतळ्यावरून चित्र, दे, तितक्याच मार्कांचं. कारण विचारू नकोस आणि वर्गात त्यावर चकार शब्द काढू नकोस.

तुझ्या कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असेलच, कायद्याने असावी लागते. तिच्या सदस्यांची नावं आणि फोन लाइफ क्लासच्या दारावर लाव. तुझ्याविरुद्धची तक्रारही तिथेच जायला हवी.

तू वाईट हेतूने काही लिहिलं नाहीस, हे मला माहीत आहे. मीही लिहिलं नव्हतं.

कागद सोबत परत पाठवते आहे, लाल शाईने खुणा केल्या आहेत. नवीन लिहिलास की दे पाठवून, तो वर्गात जाण्याआधी मला बघायचा आहे. आणि हो, मॉडेलला कपडे बदलायला तुझ्या स्टुडिओत आडोसा आहे का? तू पाठवलेल्या फोटोत तरी दिसला नाही. माझ्याकडे खादीच्या दोन जाड चादरी पडून आहेत, गडद निळ्या रंगाच्या. पुढच्या आठवड्यात भाचा तुझ्या गावी येतोय, त्याच्याबरोबर देते. वर दोरी बांधायला हुक लागतील, ते तू मारून ठेव.

तुझी,
बाई