गोठ्यातला पंख

"मॅडम, मनोहर येडा तं नाही ना झाला?" खुर्चीवर बसायच्या आधीच वसंतरावांनी विचारलं.

आर्वीला मी दर बुधवारी समुपदेशनाला बसते. वसंतराव एकसष्ट वर्षांचे, कापूस-तुरीचे शेतकरी. मनोहरभाऊ त्यांचे पहिलीपासूनचे दोस्त, आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकवून निवृत्त झालेले. (दोघांची नावं बदलली आहेत, लिहायची परवानगी त्यांनीच दिली.) जनावरं विकल्यावर रिकाम्या झालेल्या गोठ्यात मनोहरभाऊ दोन वर्षांपासून जुन्या विमानाचा पंख बनवत होते. गावातले पोट्टे हसतात, वहिनी धड बोलत नाहीत. आता मित्राला समजवावं, की डॉक्टरकडे न्यावं?

हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. कुणाचे वडील शंकरपटाच्या बैलशर्यतींपायी घर विसरतात, कुणाचा भाऊ भजनीमंडळातून परतत नाही. आपल्या माणसाचं वेड हा आजार आहे का, ही भीती सगळीकडे तीच.

मी आधी विचारलं, हे कधीपासून? कारण शांत माणूस पन्नाशी-साठीत एकाएकी बदलला, रात्र-रात्र झोपेनासा झाला, मोठमोठ्या गोष्टी बोलत हात सैल सोडून खर्च करू लागला, तर वाट पाहू नये. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार तज्ज्ञांना दाखवावं, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोलावं.

"चौथीत होतो जी," वसंतराव म्हणाले. कपाशीवर फवारणीचं विमान आलं होतं. दोघं धुऱ्यावर उभे होते. "मी औषधाच्या वासानं नाक दाबलं, अन् हा त्याच्यामांगं वावरभर पळाला." पुढे नागपूरला शिकताना मनोहरभाऊ सुट्टीच्या दिवशी सोनेगाव विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभे राहून लहान विमानं बघायचे. म्हणजे वेड पन्नास वर्षांचं. झोप नीट, जेवण नीट, शेजाऱ्यांची मोटर बिघडली की हातातलं सोडून धावून जाणं तसंच. मला यात आजार दिसला नाही, तसं मी स्पष्ट सांगितलं.

तरी वसंतराव उठेनात. टोपी हातात फिरवत राहिले. मग आवाज खाली गेला. मनोहरभाऊंना चार लाखांची एफडी मोडून भंगारातलं एक जुनं इंजिन आणायचं होतं. वहिनींना पत्ता नव्हता, आणि वसंतरावांना शपथ घातली होती. तीन आठवडे ते पोटात ठेवून हा माणूस झुरत होता.

मला इथे खरी गाठ सापडली. मी म्हटलं, वहिनींना परस्पर सांगू नका, पण ओझंही वाहू नका. मित्राला त्याच्या तोंडावर सांगा: मला हे झेपत नाही, पोळ्याच्या आत तू स्वतः घरी सांग. आणि त्याआधी एकदा गोठ्यात बसून विचारा, हे काय आहे ते. पन्नास वर्षांत त्यांनी ते कधी विचारलंच नव्हतं.

पोळ्याच्या आठवड्यात मनोहरभाऊंनी मलाच बोलावणं धाडलं. मी सहसा कुणाच्या घरी जात नाही, तिथे गेले. दावणीच्या जागी टायगर मॉथचा एक पंख आडवा ठेवलेला, खऱ्या मापाचा. 1931 साली पहिल्यांदा उडालेलं हे दोन मजली पंखांचं ब्रिटिश विमान. हवाई दलातले कितीतरी वैमानिक त्यावर शिकले. पुढे त्याची जागा घेतली ती आपल्या विष्णू माधव घाटग्यांनी घडवलेल्या एचटी-2 या प्रशिक्षण विमानाने, हे सांगताना मनोहरभाऊंचा चेहरा उजळला. मूळ पंख हलक्या स्प्रूस लाकडाचा. ते इथे कुठून मिळणार? सागवान जड पडतं, म्हणून त्यांनी खोक्यांच्या देवदारी फळ्या तासून एकेक फासळी केली होती. त्यांनी एक माझ्या तळहातावर ठेवली. पोळीच्या लाटण्यापेक्षा हलकी.

"यावर कापड ताणाचं, अन् डोप, म्हंजे एक प्रकारचं रोगण, लावाचं. सुकलं की कापड आवळते." अमेरिकेतल्या पिवळ्या पायपर कब विमानाच्या अंगावर तर सुती कापडच असायचं, म्हणाले. "कापसाचं?" वसंतराव पुढे सरकले. जन्मभर कापूस पिकवलेल्या माणसाने फासळीवरून अलगद बोट फिरवलं.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, "हे घेऊन तुम्ही वावरातून उडणार तं नाही ना?" दोन वर्षं ही बाई त्याच भीतीत जगत होती आणि घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

"उडवाचं नाही ना वं. कसं उडते ते हातानं समजून घ्याचं हाय."

मग मान खाली घालून त्यांनी इंजिनाचंही सांगितलं. वहिनी रडल्या, चिडल्या, उठून आत गेल्या. मी थांबवलं नाही. तो राग साठलेला होता आणि रास्त होता.

एफडी मोडली नाही. पेन्शनमधले तीन हजार महिन्याला पंखासाठी, हिशेबाची वही वहिनींकडे. इंजिन गेल्याचं मनोहरभाऊंना खूप लागलं. पंधरा दिवस ते गोठ्यात फिरकले नाहीत. मग एका सकाळी वसंतराव आर्वीहून घट्ट विणीचं सुती कापड घेऊन गेले, स्वतःच्या पैशाने.

दिवाळीनंतर वसंतरावांचा फोन आला. डोपचा तिसरा हात देऊन झाला होता. "आयका," म्हणाले, आणि फोन पंखाजवळ धरून टिचकी मारली. हलगीसारखा कडक आवाज आला. मागून वहिनी ओरडल्या, "बोटं पुसा आधी, डाग पडतीन!"